पाऊस थांबायच्या आत देवराईचा ठराव करा

कोकणात पाऊस आहे तोवर झाडांना अभय असतं. वाटांवर चिखल असतो, वहाळ भरून वाहतात, टेम्पो राईपर्यंत पोचत नाही आणि ओलं लाकूड व्यापारीही मनापासून घेत नाही. दसरा उलटला, वाटा सुकल्या, की तोडीचा हंगाम सुरू होतो तो पार मेअखेरपर्यंत. काजूसाठी, आंब्यासाठी आणि दक्षिणेकडे रबरासाठी डोंगरच्या डोंगर उक्ते दिले जातात, हे आपण कित्येक वर्षं बघत आलो. खाजगी जंगल विरळ झालं तशी कटरवाल्यांची नजर देवरायांकडे वळली आहे. म्हणून हे आवाहन, आणि त्याला मुदत आहे. 15 ऑगस्टची ग्रामसभा, मग गणपती, मग 2 ऑक्टोबरची ग्रामसभा. एवढ्या अवधीत आपल्या गावची राई कायद्याच्या कागदावर चढवायला हात घातला नाही, तर दिवाळीनंतर जे होईल ते थांबवायला हातात काही असणार नाही.

देवराई, राई, देवरहाटी, देवरान, नाव तालुक्यागणिक बदलतं. काळकाईची, वाघजाईची, केंजाईची, सातेरीची, वेतोबाची. रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत आणि घाटावर पुणे, सातारा, कोल्हापूरकडे अशा हजाराहून जास्त राया आहेत. काही कित्येक एकरांच्या, काही दोन गुंठ्यांत उरलेल्या. आजूबाजूचं मूळचं रान केव्हाच गेलं. सातवीण, बेहेडा, नाणा, काजरा, सुरंगी, उंडी, बकुळ, सीतेचा अशोक, रानजायफळ ही झाडं पूर्ण वाढीची, बी धरणारी, पाहायची असतील तर आज गावात तेवढीच एक जागा शिल्लक असते. पुढं कधी डोंगर पुन्हा हिरवा करायचा ठरवलं तर बी आणणार कुठून? रोपवाटिकेत गुलमोहर मिळतो, सुरू मिळतं, ऑस्ट्रेलियन बाभूळ मिळते. रानजायफळाचं बी वाळलं की मेलं; ते डब्यात भरून ठेवता येत नाही. त्याची पेढी म्हणजे उभं झाड, दुसरी नाही.

गेल्या उन्हाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका राईत गेलो होतो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण असं गाव एकच नाही. देवळाच्या मागच्या अंगाला बेहेडा पाडला होता. बुंधा एवढा की त्यावर दोन माणसं ऐसपैस झोपली असती. फांद्या छाटून जळाऊ म्हणून गेल्या होत्या, खोड मात्र तसंच पडून. का, तर आतून पोकळ निघालं. व्यापाऱ्यानं भाव पाडला आणि मग उचललंच नाही. त्या पोकळीच्या तोंडाशी वाळक्या चिखलाचा गिलावा होता, बोटभर जाडीचा, मधे अरुंद फट. खाली पाचोळ्यात काजऱ्याच्या बिया पडल्या होत्या, बटणासारख्या चपट्या, राखाडी, आणि उंबराच्या बारीक बियांचा लगदा. धनेशाचं घर होतं ते. आमच्याकडे कुणी ककणेर म्हणतं, कुणी माडगरुड. मादी ढोलीत शिरून दार लिंपून घेते, आणि पिल्लं मोठी होईतो नर त्या फटीतून घास भरवतो. त्यांचा विणीचा काळ जानेवारी-फेब्रुवारीपासून मेपर्यंतचा, म्हणजे नेमका आपल्या तोडीचा हंगाम. धनेशाला ढोली स्वतः कोरता येत नाही. त्याला म्हातारं, पोकळ झालेलंच झाड लागतं, आणि व्यापाऱ्याच्या हिशेबी तेच झाड बिनकामाचं. काजऱ्याचं फळ गिळून विषारी बी धड टाकणारा आणि ते मैलभर लांब नेणारा हा पक्षी गेला की राईतली निम्मी झाडं आपल्या बुंध्याशीच रुजायचा प्रयत्न करत राहतात.

गावकऱ्यांना विचारलं. एक जाणते म्हणाले, "कौल लावलेला. देवानं उजवी दिली." कशासाठी? देवळाच्या जीर्णोद्धारासाठी.

इथं थोडं स्पष्ट बोललं पाहिजे, आणि ते आपल्याच माणसांशी आहे. कोकणातल्या देवराया तोडायला नेहमी बाहेरचा कुणी दुष्ट ठेकेदार येतो, ही समजूत सोयीची आहे. खाण, महामार्ग, रिसॉर्ट यांनी नुकसान केलंय, नाही असं नाही. पण राईच्या आतली जुनी झाडं बऱ्याचदा देवळाच्याच नावाने पडतात. जांभ्या दगडाचं, कौलारू, लाकडी खांबांचं देऊळ उतरवायचं आणि त्या जागी स्लॅबचं, रंगीत कळसाचं, फरशी घातलेल्या सभामंडपाचं बांधायचं. खर्च चाळीस-पन्नास लाखांत जातो. मुंबईचं मंडळ पैसे पाठवतं, उरलेल्याची भरपाई राईतल्या "जीर्ण" झाडांतून. मग गाडी थेट मंडपाला लागावी म्हणून रस्ता, मग पार्किंग, मग हायमास्ट. वीरगळ आणि जुन्या पाषाणमूर्ती बाजूला ठेवल्या जातात, कधी भिंतीत चिणल्या जातात. देव तोच राहतो, त्याचं रान जातं. ज्या दैवताला पिढ्यान्‌पिढ्या छप्परसुद्धा चालत नव्हतं, त्याला एकाएकी शहाबादी फरशी हवीशी झाली, हे मला तरी पटत नाही.

पूर्वी देवाची भीती पुरत होती. राईतली वाळकी काटकीही घरी नेली तर खोड लागते, असं म्हणायचे आणि तसं मानायचेही. त्या भीतीत सगळंच चांगलं होतं असं नाही. काही राईंत बायकांना पाऊल ठेवायला मनाई होती आणि आहे, तिचं समर्थन मी करणार नाही. पण त्या धाकानं झाडं राहिली, हे खरं. आज गावात राहणारी माणसं कमी, मानकऱ्यांची मुलं ठाण्या-विरारला, आणि सातबाऱ्यावर सामाईकात वीस-पंचवीस नावं. त्यातल्या एका हिस्सेदारानं "माझ्या वाटणीची झाडं" म्हणून सौदा केला की बाकीच्यांना कळेपर्यंत कटर फिरलेला असतो. कौल उजवा मिळवणंही फार कठीण नाही. एका फेरीत नाही तर तिसऱ्या फेरीत मिळतो. धाकाची जागा कायद्याला घ्यावी लागेल, आणि तो कायदा वरून कुणी आणून देणार नाही.

आता कुणी म्हणेल, झाडं तोडायला बंदी आहेच की. नाही. हा मोठा गैरसमज आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायदा 1964 चा. त्याच्या अनुसूचीत मोजकी झाडं आहेत: साग, खैर, चंदन, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ आणि अशीच आणखी काही, शिवाय कांदळवन. सातवीण त्यात नाही. बेहेडा नाही. सुरंगी, बकुळ, उंडी, अशोक, रानजायफळ यांतलं एकही नाही. जी आहेत त्यांनाही तोडबंदी नाही, परवानगी घ्यायची आहे इतकंच. आणि 1964 साली ठरवलेला दंड जास्तीत जास्त एक हजार रुपये होता. शहरांसाठी 1975 चा वेगळा कायदा आहे. त्यात 2021 साली दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षं वा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. दादरच्या रस्त्यावरच्या पन्नास वर्षांच्या झाडाला त्या कायद्यानं मान आहे. संगमेश्वरच्या राईतल्या त्याच्या चौपट वयाच्या बेहेड्याला नाही, कारण तो शहरात उगवला नाही.

कधी कधी आरडाओरडा करून झाड वाचतं. 2020 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा सुमारे चारशे वर्षांचा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला होता. माणसं रस्त्यावर उतरली, बातम्या झाल्या, मंत्र्यांनी पत्रं लिहिली आणि रस्ता वळवला गेला. आनंदच आहे. पण भोशाचा वड रस्त्याकाठी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. गावापासून अर्ध्या तासाच्या चालीवर, वहाळाच्या खळग्यात उभ्या असलेल्या झाडांसाठी कॅमेरे येत नाहीत. ती पडल्याचं आपल्याला कळतं ते पुढच्या शिमग्याला.

पश्चिम घाटाच्या मोठ्या अधिसूचनेवरही विसंबू नका. माधव गाडगीळ समितीनं अहवाल दिला 2011 मध्ये, कस्तुरीरंगन गटानं 2013 मध्ये. त्यानंतर केंद्रानं मसुद्यावर मसुदे काढले. 31 जुलै 2024 ला निघालेला मसुदा सहावा होता. मसुद्यामुळे टेम्पो अडत नाही.

मग अडतो कशानं? कायदे आहेत, आणि गावानं मागितले तर मिळण्यासारखे आहेत. पहिला जैविक विविधता कायदा, 2002. त्याच्या कलम 37 खाली राज्य शासन स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून एखादी जागा "जैवविविधता वारसा स्थळ" जाहीर करू शकतं. मोठं अभयारण्यच लागतं असं नाही. महाराष्ट्रात पहिलं स्थळ 2014 मध्ये गडचिरोलीत आलापल्लीला झालं. आपल्या जवळचं उदाहरण मात्र दोडामार्ग तालुक्यातलं आहे आणि ते प्रत्येक सरपंचानं एकदा जाऊन बघावं. हेवाळे-बांबर्डे. तिथं देवाच्या नावानं राखलेल्या राईत बारमाही दलदल आहे, आणि त्या दलदलीत रानजायफळाची झाडं उभी आहेत. चिखलात श्वास घेता यावा म्हणून त्यांची मुळं जमिनीतून वर येतात, गुडघा मोडल्यासारखी वळतात आणि पुन्हा आत जातात. पाय ठेवायला जागा शोधत जावं लागतं. अशी दलदल केरळात कुळत्तुपुळाकडे आहे, उत्तर कन्नडात काथळेकानला आहे, गोव्यात सत्तरीतल्या बांबरला निरंकाराच्या राईत आहे. महाराष्ट्रातली ही नोंद गेल्या दशकातली. 2021 मध्ये बांबर्ड्याची ही जागा वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. क्षेत्र किती? जेमतेम अडीच हेक्टर. त्याच वर्षी आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळचं देवळाचं कुंड एका बोटभर माशासाठी वारसा स्थळ झालं. तेही दोन हेक्टरांच्या आसपास. तेव्हा "आमची राई लहान आहे हो" ही सबब चालणार नाही.

रानजायफळाच्या दलदली इतर राज्यांत कशा संपल्या ते बघितलं की घाईचं कारण कळतं. कुऱ्हाड फार चालवावी लागली नाही. वरच्या बाजूला वहाळ वळवून पाणी भातशेतीला, सुपारीच्या बागेला नेलं. दलदल सुकली, मुळं उघडी पडली, झाडं उभ्या उभ्या वठली. देवराईला कायद्याचं कवच द्यायचं तर ते झाडाइतकंच तिच्या पाण्याला द्यावं लागतं. आणि हे पाणी आपल्या नळाचंही असतं. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याला पत्र धाडलं होतं: वनखात्यानं आमच्या राईत तोडीच्या खुणा केल्यात, गावचा झरा तिच्यातूनच येतो, काही करा. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ तेव्हा सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करत होते. त्यांच्या लेखनात गाणीची ही हकीगत आली आहे. जैवविविधता हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. माणसांनी झरा आणि झाडं यांचा संबंध स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

दुसरा मार्ग वन्यजीव संरक्षण कायद्याचा. कलम 36-क खाली गावानं आपणहून राखलेली सामुदायिक किंवा खाजगी जमीन "सामुदायिक राखीव" म्हणून जाहीर होऊ शकते. मालकी बदलत नाही. कारभार गावाच्या प्रतिनिधींच्या समितीकडे राहतो. पण एकदा जाहीर झाली की त्या समितीच्या ठरावाशिवाय आणि राज्य शासनाच्या मान्यतेशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. हिस्सेदारानं परस्पर विकायची वाट तिथं बंद होते. 18 डिसेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानच्या ओरणांबाबत, म्हणजे तिथल्या देवरायांबाबत, नेमकं हेच सांगितलं: प्रत्येक ओरण जमिनीवर आणि उपग्रहावरून मोजा, वन म्हणून नोंदवा, सामुदायिक राखीव म्हणून जाहीर करा. देशभरच्या देवरायांची पाहणी करून धोरण ठरवावं, असंही केंद्राला सुचवलं. शिवाय 12 डिसेंबर 1996 चा गोदावर्मन खटल्यातला आदेश आहेच: जमीन कुणाच्याही मालकीची असो, शब्दाच्या साध्या अर्थानं जे वन, त्याला वनसंवर्धनाचा कायदा लागू. 2023 च्या दुरुस्तीनं हा अर्थ आखडला, तेव्हा 19 फेब्रुवारी 2024 ला न्यायालयानं तूर्त जुनाच अर्थ धरायला सांगितलं. ओरणांच्या निकालाची प्रत तुमच्या तहसीलदारांनी वाचली असेलच असं नाही. अर्जाला जोडा.

जिथं आदिवासी वाड्या आहेत, रायगडात, पालघरात, पुण्याच्या मावळ-जुन्नर पट्ट्यात, तिथं वनहक्क कायदा, 2006 खाली सामूहिक वनहक्काच्या दाव्यात देवराई घालता येते. कलम 5 ग्रामसभेला राखणीचा अधिकारच देतं. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांनी ज्या राया राखल्या त्यांच्यावर पहिला शब्द त्यांचाच असायला हवा. मानकरी आणि ट्रस्टी नंतर.

आता ती शंका, जी प्रत्येक बैठकीत निघते: "वनखातं आत शिरलं तर उद्या आम्हाला जत्राही भरवू देणार नाही." शंका हवेतली नाही. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्यानं कोकणातल्या माणसाचा सातबारा कसा एका रात्रीत "महाराष्ट्र शासन" झाला, ते म्हाताऱ्यांना आठवतं. पण वारसा स्थळाच्या बाबतीत राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना स्वच्छ सांगतात की गावानं स्वतःहून ठरवलेल्या बंधनांखेरीज तिथल्या चालीरीती आणि वापरावर बंधन येणार नाही. पालखी येईल, गोंधळ होईल, नवसाचा कोंबडाही कुणी अडवणार नाही. नवं बांधकाम आणि तोड मात्र अडेल, आणि तोच तर हेतू आहे. जिथं मंडळी खरोखरच घाबरतात तिथं आधी ग्रामसभेचा ठराव आणि जैवविविधता व्यवस्थापन समितीचे नियम एवढ्यानं सुरुवात करा. काहीच न करता बसण्यापेक्षा ते बरं.

कामाला लागायचं कसं? पहिल्यांदा तलाठ्याकडून राईचा सातबारा आणि गटाचा नकाशा काढा. फार गावांत इथंच घोटाळा सापडतो: राई आहे एका गटात आणि देवस्थानाचं नाव दुसऱ्याच गटावर. जुन्या नोंदींत "देवरहाटी" हा शेरा शोधा. जमीन शासनाची निघाली तर अर्ज तहसीलदार आणि वनविभाग दोघांनाही. देवस्थान इनाम, वर्ग 3 असेल तर ती परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही हे ध्यानात ठेवा. सिंधुदुर्गात बऱ्याच देवस्थानांचा कारभार कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे, तिलाही कळवा. खाजगी सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची यादी करून गणपतीत त्यांना एका सतरंजीवर बसवा. वर्षातून तेवढा एकच आठवडा सगळे गावात असतात.

मग झाडं मोजा. शाळेतल्या मुलांना बरोबर घ्या, गुरवाला घ्या, वैदूकी जाणणाऱ्या आजीला घ्या. छातीच्या उंचीला दोरी गुंडाळून घेर मोजायचा, गावातलं नाव लिहायचं, मोबाइलवर फोटो आणि जागेचे अंश नोंदायचे. ढोल्या वेगळ्या लिहा. झरा, तळी, वहाळ वेगळा लिहा. शास्त्रीय नावांसाठी जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला पत्र टाका. बहुतेक ठिकाणी हौसेनं येतात. ही यादी गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीत जायला हवी. प्रत्येक ग्रामपंचायतीत ती वही आहे, निदान कागदावर. 31 जानेवारी 2020 ची हरित न्यायाधिकरणाची मुदत गाठायला अनेक ठिकाणी ती घाईघाईत उरकली गेली, आणि गावानं ती अजून उघडूनही पाहिलेली नाही. ग्रामसेवकाकडे मागा. तुमच्या राईबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचा, आणि चुकलं असेल तर समितीची बैठक लावून दुरुस्त करून घ्या. झाड पाडल्यावर पुरावा लागतो तो ते उभं असतानाचा.

ठराव लांबलचक नको. गट क्रमांक, क्षेत्र, देवतेचं नाव, चतुःसीमा. या राईतलं कोणतंही उभं, वाळलेलं वा पोकळ झाड तोडलं जाणार नाही. वरच्या अंगाचा वहाळ वळवला जाणार नाही. देवळाचं काम जुन्या चौथऱ्याबाहेर जाणार नाही. ही जागा कलम 37 खाली वारसा स्थळ जाहीर व्हावी अशी शिफारस ग्रामसभा करत आहे. इतकं पुरे. "वाळलेलं वा पोकळ" हे शब्द गाळू नका. सगळी चोरवाट तिथूनच निघते. प्रत नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि उपवनसंरक्षकांना, पोचपावतीसह. विषय अजेंड्यावर घ्यायला सरपंचांना आधी लेखी द्यावं लागतं, नाहीतर "ऐनवेळचे विषय" मध्ये चहाबरोबर वाहून जातो.

आता मुंबईकरांसाठी. तुमच्या वर्गणीवर निम्मी देवळं उभी राहिली, ते कर्तृत्व कुणी नाकारत नाही. पण पैसा देणाऱ्याला अट घालता येते. मंडळाच्या पुढच्या सभेत एवढंच लिहून घ्या की राईतलं एकही झाड पडणार असेल तर आमची वर्गणी परत. देऊळ गळत असेल तर कौलं शेकारा, वासे बदला. गावात अजून सुतार आहेत, जांभा कापणारे आहेत. आणि नवं बांधायचंच असेल तर गावात मोकळी जागा काढा, राईला हात लावू नका. एका मंडळानं अशी अट घातली की शेजारच्या गावाला लाज वाटते, हेही आपल्याकडचं खरं आहे.

वकिली करणाऱ्यांनो, तुमच्या मूळ गावचा एक अर्ज फुकट लिहून द्या. शिक्षकांनो, परिसर अभ्यासाचा एक तास राईत घ्या. गोव्यातल्या मित्रांनो, सत्तरी आणि दोडामार्गच्या मधली सीमा झाडांना, धनेशांना आणि वहाळांना माहीत नाही. निरंकाराच्या राईचा तुमचा अनुभव आम्हाला इकडे हवा आहे. पत्रकारांनो, तोड झाल्यावर येता, या वेळी ठराव होताना या.

आणि कुणी "एकास दहा झाडं लावतो" म्हणालं, तर त्याला विचारा: कोणती, कुठं, आणि त्यातल्या एकाला तरी ढोली पडायला किती पिढ्या लागतील? उत्तर येईपर्यंत परवानगी देऊ नका.

तुमच्या राईचा सातबारा या आठवड्यात काढा. 15 ऑगस्टला ठराव मांडा. त्या दिवशी गणसंख्या भरली नाही तर गणपतीत हिस्सेदारांच्या सह्या घ्या आणि 2 ऑक्टोबरला पुन्हा मांडा. विरोध झाला तर विरोध करणाऱ्याचं नाव इतिवृत्तात लिहायला लावा. दसऱ्यानंतर कटर घेऊन कुणी आलं, तर ठरावाची शिक्का मारलेली प्रत तुमच्या खिशात असली पाहिजे.